एक शब्द बदलू नकोस

“सुंदर आहे,” मी म्हटलं. “एक शब्द बदलू नकोस.”

ओपलने हातातलं सँडविच खाली ठेवलं आणि माझं मनगट धरलं. तिचे डोळे भरून आले होते. ब्रेकरूममधला मायक्रोवेव्ह वाजत होता, त्यात माझी भाजी होती, पण ही मनगट सोडेना. मला वाटलं, नाटकं लिहिणारी बाई, कौतुकाची भुकेली. मी तिच्या हातावर थोपटलं.

“सगळं वाचलंस?” तिने विचारलं.

“एका बैठकीत.”

“आणि मी तुझं नाव घेतलं तर चालेल? प्रयोग संपल्यावर, सगळ्यांसमोर?”

“घे की. फक्त उच्चार नीट कर.”

मग तिने हळूच विचारलं, तुझ्या मुलीला, नेत्राला आणशील का. मी म्हटलं, नेत्राचं काय घेऊन बसलीस, आमच्या सगळ्या मराठी मंडळालाच आणते. यावर तिने माझं मनगट आणखी घट्ट धरलं. म्हणाली, इतक्या धीराची बाई तिने आयुष्यात पाहिली नाही. मला ते जरा जास्त वाटलं, पण गोड लागलं. मी लिफाफा तिला परत दिला. आत नव्वद पानांचं बाड होतं आणि त्यातलं एकही पान मी उलटलेलं नव्हतं.

आता मला नावं ठेवायची तर ठेवा. पण ज्यांनी तीस वर्षं परदेशातल्या मराठी मंडळात काढली आहेत त्यांनी तरी ठेवू नयेत. आमच्याकडे सगळेच लिहितात. हार्टचा डॉक्टर गझला लिहितो, तेलाच्या कंपनीतला इंजिनिअर एकांकिका लिहितो, त्याची बायको त्या एकांकिकेचं परीक्षण लिहिते, आणि सगळे ते माझ्या हातात कोंबतात, कारण मी कार्यक्रम समितीवर. वाचत बसले तर डोळे जातील. म्हणून माझं एक वाक्य ठरलेलं: सुंदर आहे, एक शब्द बदलू नकोस. आमची सेक्रेटरी प्रतिमा, तिचं त्याहून सोपं: छान झालं हो. या दोन वाक्यांवर ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये आमचं सगळं साहित्य सुखाने नांदत होतं.

मी मूळची नागपूरची. नवऱ्याची, चारुदत्तची, नोकरी इकडे, म्हणून त्याच्यामागून आले, आणि नेत्रा कॉलेजात गेल्यावर डायलिसिस टेक्निशियनचा कोर्स केला. लोकांचं रक्त यंत्रातून फिरवायचं आणि धुऊन त्यांच्या अंगात परत घालायचं. एकेका पेशंटला चार तास, आठवड्यातून तीनदा. बावीस वर्षं हेच केलं. त्यातली एकोणीस वर्षं ओपल माझ्याबरोबर होती. ती नर्स. उंच, काळी, घोगऱ्या आवाजाची, आणि बोलायला फटकळ. आमचं पटलं ते त्यामुळेच. मलाही गोड बोलणं मंडळापुरतंच जमतं.

तिच्या खिशात एक छोटं पॅड असायचं. पेशंट झोपले की ती त्यात लिहायची. अकरा नाटकं लिहिली होती तिने, आणि ती सगळी ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्डात, काळ्यांच्या वस्तीत, एका जुन्या लाँड्रीत झाली होती. ऐंशी खुर्च्या, त्यातल्या दोनसुद्धा एकसारख्या नाहीत. तिथे जाताना आमची माणसं गाडीची दारं आतून लॉक करतात. मीही करायची. एकोणीस वर्षांत मी तिचं एकही नाटक पाहिलं नव्हतं, आणि दर वेळी म्हटलं मात्र होतं की पुढच्या वेळी नक्की.

पण तिचं बोलणं मी ऐकायची. जेवताना ती नाटकाबद्दल बोलायची आणि मी मान हलवायची. तिचं एक गाऱ्हाणं होतं. म्हणायची, आमच्या रंगाच्या बाईकडे लोक एकच नाटक मागतात, आम्हाला कसं मारलं त्याचं. गोरी माणसं येतात, रडतात, नाक पुसतात आणि कोळंबी खायला जातात. तिला ते लिहायचं नव्हतं. तिला म्हणे चांगल्या माणसांवर लिहायचं होतं. हात न उगारता, आवाज न चढवता, समोर चहा ठेवून जी दुसऱ्याचा गळा कापतात, त्यांच्यावर. “स्टेजवर माणूस वाईट चेहरा घेऊन आला की प्रेक्षक आरामात मागे टेकतो,” ती म्हणायची. “त्याला वाटतं, हा मी नव्हे. मला तो पुढे झुकलेला हवा.”

आणि एक नियम होता तिचा. ज्याची गोष्ट असेल त्याला आधी बाड द्यायचं. त्याने नाही म्हटलं की विषय संपला. अशी दोन नाटकं तिच्या कपाटात पडून होती. एकाला तिच्या सख्ख्या बहिणीने नाही म्हटलं होतं. ते तिचं सगळ्यात चांगलं नाटक, ती म्हणायची, आणि ते तिच्याबरोबरच पुरलं जाईल. मी म्हटलं, बहिणीला काय कळतं, करून टाक. तर ती म्हणाली, ज्याची गोष्ट आहे तो माणूस ती ऐकताना खोलीत बसायला तयार नसेल, तर ती गोष्ट सांगणं म्हणजे चोरी.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणजे नुसतं नाही म्हटलं असतं तरी भागलं असतं.

गोष्ट माझ्याच तोंडून गेली होती, दोन वर्षांपूर्वी. वादळाची वॉर्निंग होती, रस्ते तुंबलेले, दुपारच्या पाळीचा एकही पेशंट पोचला नाही, आणि आम्ही दोघी सेंटरवर अडकून पडलो. ओपल तिच्या मावशीचं सांगत होती. लुइझियानातली मावशी, रंगाने उजळ. तिने आपल्या मुलीचं लग्न मोडलं होतं, मुलगा फार काळा म्हणून. स्वतःही काळ्यांतलीच, पण हा आपल्यापेक्षा चार छटा जास्त. मला ऐकून फार बरं वाटलं. म्हणजे तुमच्यातही असतंच की. मग मीही तिला सांगितलं. आईने आईला सांगावं तसं.

इथे माझं काय चुकलं ते मला आता कळतं. इतक्या वर्षांत ओपल मला काळी वाटेनाशी झाली होती. ती ओपल होती. आमच्यात हे असंच आहे. एखादं माणूस आपलं झालं की त्याला त्याच्या जातीतून, रंगातून वगळायचं, आणि मग त्याच्यासमोर बसून त्याच्याच लोकांबद्दल खुशाल बोलायचं. त्याला लागेल हे मनातसुद्धा येत नाही.

तर ते असं. नेत्रा सत्तावीस वर्षांची होती. आयझाया नावाचा एक मुलगा होता, शाळेत मुलांना बँड शिकवायचा. काळा. नेत्राने घरी आणला दिवाळीला. चकल्या खाल्ल्या, चारुदत्तला ट्रंबोन वाजवून दाखवला, जाताना माझी भांडी घासून गेला. त्याने माझं काय घोडं मारलं होतं? काही नाही. चांगला होता, हेच तर दुखणं. वाईट असता तर नेत्रालाच त्याचा कंटाळा आला असता.

मी स्वतः सावळी. माझ्या लग्नाच्या वेळी बाबांनी पत्रिकेसोबत ‘गव्हाळ’ लिहून पाठवलं होतं आणि तरी तीन ठिकाणांहून चहापोहे खाऊन लोक उठून गेले होते. ते मी विसरले नव्हते. माझ्या मुलीच्या मुलांकडे बघून कुणी तसं उठून जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं होतं. हे मी ओपलला सांगितलं तेव्हा ती नुसती बघत होती.

पुढच्या उन्हाळ्यात पुण्याला माझ्या सासूबाई आजारी पडल्या आणि नेत्रा सहा आठवडे तिकडे गेली. दुसऱ्या आठवड्यात मी आयझायाला फोन करून घराजवळच्या डोनटच्या दुकानाबाहेर बोलावलं. पार्किंगमध्येच उभं राहून सांगितलं की नेत्राचं पुण्यात ठरलंय, मुलगा तिला पसंत आहे, तुला सांगायचा तिला धीर होत नाही म्हणून तिनेच मला पाठवलंय. तिच्या बाबांचं बायपास झालंय, त्यांना त्रास नको, तेव्हा फोन करू नकोस. चारुदत्तला यातलं काहीसुद्धा माहीत नव्हतं. तो बिचारा पुढे महिनाभर विचारत होता, तो बँडवाला पोरगा हल्ली येत नाही गं.

आयझायाने सगळं ऐकून घेतलं आणि ‘येस मॅम’ म्हणाला. दुसऱ्या दिवशी नेत्राची पुस्तकं आणि तिने जाताना चकल्या भरून दिलेला आमचा स्टीलचा डबा घेऊन दारात उभा. डब्यात चिठ्ठी होती. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे नेत्राने शिकवलेलं त्याला. मी संध्याकाळी पुण्याला फोन लावला. म्हटलं, तो येऊन तुझं सामान ठेवून गेला, काही बोलला नाही. नेत्रा तिकडून फक्त “बरं” म्हणाली. माझीच मुलगी, मानी. तिने त्याला फोन केला नाही आणि त्याने तिला. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती परत आली तोवर तो अटलांटाला गेला होता.

ओपलने मधे फक्त दोन प्रश्न विचारले. त्याने काय घातलं होतं? आणि चिठ्ठीचं काय केलंस? पहिल्याचं उत्तर मी दिलं, शाळेचा निळा टी-शर्ट, आणि टोपी काढून हातात धरलेली. दुसऱ्याचं सांगितलं, न वाचताच फाडून टाकली. मग पाणी ओसरलं आणि आम्ही घरी गेलो. तिने पुढे कधी तो विषय काढला नाही. मीही विसरले.

नेत्रा मात्र ते पंधरा वर्षं अंगावर वागवत होती, हे मला दिसत होतं. पुढे दोन-तीन स्थळं आली. एकाला तिने नाही म्हटलं, दोघांनी तिला. एकदा स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता ती सहज म्हणाली, आई, माझ्यात काहीतरी कमी असणार, नाहीतर माणूस असा एक शब्द न बोलता जाईल का. मी मेथी निवडत राहिले. तेव्हा सांगायचं होतं. त्यानंतरही शंभरदा सांगता आलं असतं. चारुदत्त गेल्यावर तर ती स्वतःचं अपार्टमेंट सोडून माझ्याजवळ राहायला आली. मग कुठल्या तोंडाने सांगणार? माझ्या गुडघ्यांना तेल लावून देणारी मुलगी ती.

असो. ओपलने लिफाफा दिला तेव्हा सोबत निरोपही दिला होता. एकटीने वाच, वेळ घे, नको असेल तर नुसतं नको म्हण. मला वाटलं, लिहिणाऱ्यांचे नखरे. तीन आठवडे तो लिफाफा आमच्या फ्रिजवर पडून होता. नेत्राने एकदा विचारलंसुद्धा, काय आहे. ओपलचं नाटक, वाचते, म्हटलं मी. त्याच सुमारास ओपलने माझ्याकडे प्रयोगासाठी एक स्टीलचा डबा मागितला. मी दिला. नाटकात डबा कशाला, एवढंही विचारलं नाही. उलट मंडळात सांगत सुटले की अमेरिकन नाटकाची प्रॉपर्टी आमच्या घरून जाते.

प्रयोग रविवारी दुपारी तीनला होता. मी चौदा माणसं जमवली, चार गाड्या, थर्मासमध्ये चहा. थर्ड वॉर्डात वळल्यावर मागच्या सीटवरून प्रतिमाने दारं लॉक झाली ना म्हणून विचारलं. नेत्रा गाडी चालवत होती. ती म्हणाली, प्रतिमामावशी, लोक आहेत ते. मी हसले. मला वाटत होतं, आज माझ्या मैत्रिणीचा दिवस आहे.

ओपलने आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं. नेत्राला तिने मिठी मारली, ती नेहमीपेक्षा लांबली. तिसरी घंटा वगैरे काही नव्हतं. दिवे गेले, परत आले आणि नाटक सुरू झालं.

पहिला अर्धा तास मला काही कळलं नाही. एक काळी आई, नर्सच्या कपड्यांत. तिची मुलगी. चर्च, शेजारपाजार, आजारी आजी. सगळं त्यांचंच. प्रतिमा माझ्या कानात पुटपुटली की भाषा जरा जड आहे. मग एक मुलगा आला. निळा टी-शर्ट. डोक्यावरची टोपी काढून त्याने हातात धरली.

मी स्वतःला म्हटलं, टी-शर्ट काय, कुणीही घालतं. पण मागे डोनटच्या दुकानाची पाटी होती आणि आई बोलायला लागली. माझीच वाक्यं. जशीच्या तशी. ‘तिला तुला सांगायचा धीर होत नाही.’ आणि काय सांगू, त्या नटीने ती इतक्या मायेने म्हटली की मागे कुणीतरी बाई रडायला लागली. ती आई खोटं बोलत होती आणि बोलता बोलता त्या मुलाच्या खांद्यावरचा धागा काढत होती. मी काढला होता तो धागा. ओपलला सांगितल्याचं आठवतसुद्धा नाही.

मुलगा ‘येस मॅम’ म्हणाला. मी नेत्राकडे बघितलं. ती स्टेजकडे बघत होती, चेहऱ्यावर काही नाही. नाटक बघतो तसं बघत होती.

मग तो मुलगा डबा घेऊन आला. आमचा डबा. झाकणावर ‘नेत्रा’ कोरलेलं, ते ऐंशी माणसांत फक्त आम्हा मराठी माणसांनाच वाचता येणार, पण खाली बसून झाकण दिसत नव्हतं. मुलगा म्हणाला, तिने मला सांगितलंय, डबा रिकामा द्यायचा नसतो.

नेत्राचा हात माझ्या हाताशेजारी खुर्चीवर होता. तो तिने उचलून मांडीवर घेतला. बस, एवढंच. मी पुढचं नाटक बघितलं नाही. माझ्या उजव्या बाजूला माझी मुलगी श्वास घेत होती, तो मी मोजत होते. स्टेजवरच्या आईने चिठ्ठी न वाचता फाडली. शेवटी म्हातारी झालेली ती आई आणि तिची मुलगी एका टेबलाशी शेंगा सोलत बसतात आणि आई काही सांगत नाही. दिवे जातात.

लोक उभे राहिले. आमची चौदाही उभी राहिली. प्रतिमा म्हणाली, “छान झालं हो.”

पण तेवढ्यावर संपलं नाही. इकडे नाटकानंतर लेखक स्टेजवर येऊन प्रेक्षकांशी बोलतो. ओपल आली, खुर्ची ओढून बसली. एका गोऱ्या म्हाताऱ्याने विचारलं की हे काळ्या माणसांचं आपापसातलं वर्णाचं दुखणं आहे का. ओपल म्हणाली, ही गोष्ट मुळात आमची नाही, दुसऱ्या देशातून आलेल्या एका आईची आहे. ती आई मला तिच्या स्वतःच्या चेहऱ्याची दाखवता आली असती. पण परका चेहरा दिला की तुम्ही सगळे सुटता. घरी जाताना म्हणता, त्या लोकांत असतं बाई असलं. माझ्या मावशीने हेच केलं होतं, म्हणून मी तिला माझ्या मावशीचा चेहरा दिला. आता इथून कुणी सुटू नये.

मग ती उठली. “आणि मला माझ्या मैत्रिणीचं नाव घ्यायचंय,” ती म्हणाली. “हे सगळं तिच्याकडून घडलंय. तिने हे वाचलं आणि मला म्हणाली, एक शब्द बदलू नकोस. आज ती तिच्या मुलीला घेऊन आलीय. मी चाळीस वर्षं लिहितेय, पण मला हे जमलं नसतं. सुचित्रा, प्लीज, उभी राहा.”

उच्चार अगदी बरोबर होता. घरी सराव केला असणार तिने.

मी उभी राहिले नाही. तर बाकी सगळे राहिले. ऐंशी माणसं उभी राहून माझ्यासाठी टाळ्या वाजवत होती. मागची ती रडणारी बाई पुढे आली आणि तिने माझ्या गालाला हात लावला. मंडळाची माणसं टाळ्या वाजवता वाजवता एकेक करून थांबत होती. कळलं तसं एकेक थांबला. प्रतिमाचे हात हवेतच राहिले. नेत्रा बसूनच होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मराठीत, अगदी साध्या आवाजात विचारलं, “तू खरंच वाचलंस ते?”

मी मान हलवली. नाही म्हणून.

ती हसली. तसं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा कधी पाहायला लागू नये. म्हणजे हे सांगायलासुद्धा तू आणलं नव्हतंस मला, ती म्हणाली.

ओपलला स्टेजवरून दिसलं ते. मराठी कळली नसेल, पण दिसलं. ती खाली आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि विचारलं, वाचलं नव्हतंस? मग ती नेत्रासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिला सॉरी म्हणाली, दोनदा. नेत्राने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला उठवलं. मला ओपल एवढंच म्हणाली की उद्यापासून ती दुसऱ्या सेंटरला बदली मागेल. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं.

मंडळाच्या बाकीच्या गाड्या आमच्या आधी निघून गेल्या होत्या. प्रतिमाही त्यांच्यातच बसून गेली, थर्मास घेऊन. नेत्राने गाडी हायवेला घातली. उन्हाने रस्ता तापलेला, एसीचा आवाज. शुगर लँड येईपर्यंत ती एकदाच बोलली.

“त्याला तीन मुलं आहेत,” म्हणाली. “मला माहितीये. मी दर वर्षी त्याच्या वाढदिवसाला फोटो बघते.”

घराशी आल्यावर तिने गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. दारंही उघडली नाहीत. समोर आमचं गॅरेज, त्याला चारुदत्तने लावलेला दिवा. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, “चिठ्ठी न वाचता फाडलीस, हे खरं आहे?”

इथे मला खोटं बोलता आलं असतं. ओपलला बोललेच होते, तिने बिचारीने विश्वास ठेवून तसंच लिहिलं. नाटकातली आई माझ्यापेक्षा बरी होती. मी म्हटलं, “नाही. वाचली होती.”

“किती वेळा?”

“फाडायच्या आधी पुष्कळदा.”

“आठवतंय?”

मी हो म्हटलं. खरंच आठवत होतं. नव्वद पानं वाचायचा मला कंटाळा आला, आणि जे माझ्या नावाचं नव्हतं ते पंधरा वर्षं तोंडपाठ होतं.

नेत्राने थिएटरवर वाटलेला नाटकाचा छापील कागद उलटा करून स्टिअरिंगवर धरला. पर्समधून पेन काढलं. “सांग,” ती म्हणाली. “इंग्लिशमध्ये. त्याने लिहिलं तसंच.”

मी सांगितलं. माझ्या नागपुरी इंग्लिशमध्ये, त्या मुलाचे शब्द. की तुझी आई आज भेटली. त्या जे म्हणाल्या ते मी ऐकून घेतलं, पण त्यांनी तुझं नाव घेताना माझ्याकडे बघितलं नाही, म्हणून मला वाटतं हे शब्द तुझे नसावेत. असतील तर माझी काही तक्रार नाही. नसतील तर एकदा फोन कर, नुसती रिंग दिलीस तरी चालेल. अटलांटाची नोकरी मी पंधरा ऑगस्टपर्यंत थांबवून ठेवतो. चकल्या संपल्या. डबा रिकामा द्यायचा नसतो, म्हणून हे.

ती लिहीत होती. मधे मी अडखळले की ती पेन थांबवून वाट बघायची. वर बघायची नाही.

“खाली काय होतं?”

“त्याचं नाव.”

“नावाच्या आधी?”

चाळीस वर्षांत हे शब्द मी चारुदत्तलासुद्धा कधी म्हटले नव्हते, आमच्यात कुणी म्हणत नाही. नेत्रा पेन धरून बसली होती. शेवटी मी ते म्हटलं. तिने लिहिलं, आणि त्याखाली नाव लिहिलं.

तिने सगळं एकदा वाचलं. मग कागद मांडीवर ठेवला, डोकं सीटला टेकलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, आता जा म्हणेल. दाराच्या हँडलकडे हात गेलासुद्धा माझा.

“पुन्हा म्हण,” ती म्हणाली. “पहिल्यापासून. आणि माझ्याकडे बघून म्हण.”

मी तिच्याकडे वळले. पट्टा गळ्याशी रुतत होता. ‘डिअर नेत्रा’पासून मी सुरुवात केली.